तांदळे सरांनी मला न विचारलेला प्रश्न

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आलेले असायचे, पोरं इस्त्रीच्या शर्टात घामाघूम झालेली असायची, आणि आमचे विभागप्रमुख तांदळे सर खुर्चीत मागं रेलून शेवटचा प्रश्न टाकायचे, "सांगून आलास का बे?" परीक्षकांना काही कळायचं नाही. पोराला मात्र बरोबर कळायचं. आमचं इंजिनिअरिंग कॉलेज बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं. पोरांचे प्रकल्प आसपासच्या गावांतच चालायचे. कुणी कुणाच्या विहिरीवरचा पंप तपासायचा, कुणी अंगणवाडीतलं पाणी. सरांचं म्हणणं एवढंच, की ज्याच्या दारात जाऊन मोजलं, त्याला काय निघालं ते त्याच्या दारात जाऊन सांगायचं. त्याशिवाय ते सही करत नसत.

"इंग्रजीत छापलंस, लई झाक केलंस," ते म्हणायचे. "पर ज्याच्या घरात मोजलं त्याच्या कानावर न्हाई, तर मग मोजलं कावून? हौस म्हणून?"

एका पोरानं भुईमुगाच्या शेंगा वाळवायचं यंत्र बनवून दिंद्रुडच्या एका आडत्याकडं बसवलं होतं. यंत्र शेंगा वाळवायच्या ऐवजी भाजायचं. पोरगं लाजेनं तिकडं फिरकेना. सरांनी त्याला मोटरसायकलवर मागं बसवून नेलं आणि आडत्यापुढं उभं केलं. पोरगं मान खाली घालून म्हणालं, "काका, यंत्र फसलं." आडत्या पोट धरून हसला. "मला काय सांगतो रे, घरादारानं मीठ लावून खाल्ल्यात त्या शेंगा." मग त्यानं दोघांना चहा पाजला. सर हा किस्सा दर वर्षी नव्या पोरांना सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "फसलं म्हणून सांगितलं की माणूस चहा पाजतो. लपवलं की मग दारात उभं करत न्हाई."

मी सरांचीच विद्यार्थिनी. पुढं त्याच विभागात शिकवायला लागले. चारचौघांत ते मला मॅडम म्हणायचे, एरवी पोरी. सर मूळचे धर्मापुरीचे. रागावले की बोलणं गावाकडं जायचं आणि खूश झाले तरी तिकडंच जायचं, त्यामुळं नवीन माणसाला ते रागावलेत का खूश आहेत हे समजायला वेळ लागायचा. डब्यात रोज भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. माझ्या डब्यातली पोळी बघून म्हणायचे, "बामणाच्या घरी गेलतीस का जेवायला?" असले टोमणे मारणारा माणूस माझ्या पीएचडीचा मार्गदर्शक होता, हे माझं भाग्य. त्या भाग्याचं मी काय केलं ते आता सरळच सांगते. ते गाळून सरांबद्दल गोड गोड लिहिलं, तर तो पुन्हा तोच लबाडपणा होईल.

माझा विषय चुलीचा होता. ऊसतोडीला जाणारी माणसं कारखान्याच्या तळावर कोपीत राहतात. कोपी म्हणजे बांबू, चटया आणि वरून प्लास्टिकचा कागद, वाकूनच आत शिरावं लागतं. तिथं चुलीच्या धुरानं लेकरं थंडीभर खोकतात. म्हणून मी पत्र्याची उचलून नेता येणारी चूल बनवली, धूर बाहेर सोडायला तिला नळी लावली. लिंबागणेशच्या पुढं ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या एका वस्तीवर घराघरांत चुली दिल्या, धूर मोजला, अंगणवाडीच्या ताईंकडून लेकरांच्या खोकल्याची माहिती घेतली. वस्तीवरच्या घरांत चूल फक्कड चालली. बायका खूश, मी त्याहून खूश. निबंध लिहून एका मोठ्या जर्नलला पाठवलासुद्धा.

दसऱ्याच्या तोंडावर सरांच्या डोक्यात आलं, की चूल पक्क्या घरात मोजली, पण ती वापरायची कोपीत. त्यांनी पोरांना लावून कॉलेजच्या मैदानात खरोखरची कोपी उभी केली. आत चूल पेटवली आणि मी मोजायला बसले. नळीचं तोंड कागदाच्या कडेखालीच राहत होतं. वारा सुटला की सगळा धूर उलटा आत यायचा आणि खाली जमिनीलगत साचायचा. लेकरं निजतात तिथं. माझ्या चुलीपेक्षा दारातली तीन दगडांची चूल बरी होती.

सर तिथूनच निघाले. "चल पोरी, सांगून येऊ. नळी वर घ्या न्हाईतर चूल बाहेर मांडा, एवढंच तर सांगायचंय."

मी म्हणाले, "सर, एकदाच तर मोजलंय. नीट पुन्हा मोजू, मग सांगू. जर्नलचं उत्तर यायचंय. आत्ताच चूल वाईट म्हणून बोभाटा झाला तर माझं सगळं जाईल हो."

सर हातात मोटरसायकलची चावी घेऊन उभे राहिले. माझ्याकडं बघितलं. माझं लग्न मोडलेलं, घरी आई, नोकरी कायम व्हायची तर पीएचडी हवी, हे सगळं त्यांना माहीत होतं. "बरं," म्हणाले आणि चावी खिशात टाकली. आयुष्यात त्यांनी एवढं एकच चुकीचं ऐकलं, तेही माझं.

पुन्हा मोजेपर्यंत दसरा उलटला आणि वस्ती कारखान्यावर निघून गेली. पुन्हा मोजलं तरी तेच निघालं. मग सरांनी त्यांच्या टोळीच्या मुकादमाला फोन केले, तो "सांगतो की" म्हणायचा आणि विसरायचा. शेवटी सर स्वतः एसटीनं तळावर गेले. तोवर थंडी मुरली होती. कौसाबाई म्हणून वस्तीवरची एक बाई, माझ्या चुलीचं सगळ्यांत जास्त कौतुक करणारी. तिची पुजी, अंगणवाडीतली पोर, छाती भरून दवाखान्यात पडली होती. पोर वाचली. पण थंडी आली की तिची छाती अजून वाजते. डॉक्टर म्हणाले, एकट्या धुरामुळं झालं असं छातीठोक सांगता येत नाही. या वाक्याचा मी पुष्कळ दिवस आधार घेतला.

गुढीपाडव्याला वस्ती परतली. सरांनी सगळ्यांना लिंबाच्या पारावर बोलावलं. मी त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसले होते. सर उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "चूल कोपीत धूर कोंडती, हे तुमी जायच्या आधी मला म्हाईत झालतं. मी सांगाय आलो न्हाई. चूक माझी हाय."

कौसाबाई उठली. "तुमच्या लेकराच्या उशाला ठिवली असती का हो ही चूल? आमची लेकरं काय तुमच्या परीक्षेला हायत का?" आणखी पुष्कळ बोलली. बाकीच्या बायाही बोलल्या. सर हात जोडूनच उभे होते. मला उठायचं होतं. नुसतं उठून म्हणायचं होतं, की थांबा, थांबवलं ते मी. मी सतरंजीचा दोरा ओढत बसले.

परतीच्या वाटेवर मी मागं बसून रडत म्हणाले, "सर, माझं नाव का नाही घेतलंत?"

"थांबू म्हणालीस ती तू. थांबलो तर मीच ना? मला काय पाय नव्हते?" मग म्हणाले, "तुझं तू बघ."

चुली सुधारून दिल्या. कोपीतली मोजणी घालून निबंध नव्यानं लिहिला, तो छापूनही आला. मला पीएचडी मिळाली, नोकरी कायम झाली, पेढे वाटले. सरांनी पेढा खाल्ला.

त्यानंतर दर वर्षी पाडवा झाला की सर पुजीला बीडला छातीच्या डॉक्टरांकडं न्यायचे. बाईमाणूस सोबत असावं म्हणून मला घ्यायचे. कौसाबाईच्या घरी गेलं की ती चहा टाकायची. एक कप माझ्यापुढं यायचा, सरांपुढं काही नाही. सर पिशवीतली बाटली काढून पाणी प्यायचे आणि पुजीला शाळेतलं विचारत बसायचे. "मॅडम, तुमी हाव म्हणून पोरीला पाठिवते," कौसाबाई मला ऐकवायची, त्यांच्यादेखत. आणि मी तो चहा प्यायचे. दर वर्षी. साखर जास्त असायची, माझ्यासाठी म्हणून घातलेली.

परीक्षेत पोरांना त्यांचा प्रश्न चालूच होता. माझे विद्यार्थी समोर असले तरी विचारायचे, "सांगून आलास का बे?" मी शेजारच्या खुर्चीत काठ धरून बसायचे, वाटायचं, आज वळून मलाही विचारतील. निवृत्त होईपर्यंत विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं म्हणायची माझी लायकी नाही. त्यांनी माझ्यावर सोडलं होतं आणि मी सोडूनच दिलं होतं.

श्रावणात सर गेले. जेवून ओसरीवर पडले ते उठलेच नाहीत. धर्मापुरीला दहाव्याला वस्तीवरची माणसं जीप करून आली. कौसाबाईही आली, सोबत पुजी, आता माझ्या खांद्याला लागणारी. कौसाबाई माझ्याशेजारी टेकली. "राग हाय माझा त्यांच्यावर," म्हणाली. "पर माणूस गेला म्हणल्यावर घरी बसवंना."

मी तिला तिथंच सांगितलं. मैदानातली कोपी, सरांच्या हातातली चावी, माझं बोलणं, सगळं. "ते निघाले होते गं कौसाबाई. मी थांबवलं."

तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, पारावर सरांना बोलली तशी मला बोलेल. ती सरांच्या फोटोकडं बघत राहिली.

"आता सांगून मी काय करू ओ मॅडम?" ती म्हणाली. "इतकी वर्सं दारात आला माणूस. मी त्याला कपभर चहा दिला न्हाई."

मग पदर तोंडाला लावून ती उठली आणि पुजीला घेऊन जीपमध्ये जाऊन बसली.

यंदा पाडव्यानंतर मी एकटीच वस्तीवर गेले. कौसाबाई येऊ नका म्हणेल, असं धरूनच गेले होते. तसं काही म्हणाली नाही. पुजी आत तयारी करत होती. कौसाबाईनं चूल पेटवली, दाराबाहेर मांडलेली. चहा टाकला, घरातल्यांना दिला, स्वतः घेतला. माझ्यापुढं काही आलं नाही.

मी पिशवीतून बाटली काढली, पाणी प्यायले आणि पुजीला शाळेतलं विचारलं.