दिल्याच्या डब्याला माझा पायगुण

आमच्या गल्लीतल्या गोष्टी मी लिहून ठिवल्या नसत्या. पण एक सांगावी तर तिच्या मागं दुसरी येऊन हुभी. आता डोक्यात जागा न्हाई. म्हणून सगळ्या न्हाई, फक्त दिल्याच्या डब्याच्या सांगतो.

पैली गोष्ट पैजेची. परभणीच्या बाजारात जुनं सामान इकणाऱ्या एका माणसाकडं व्हिडिओ गेम होता. तपकिरी डबा, वर फिरवायच्या दोन गोल खुट्ट्या, पोटात सहा सेल. हैदराबादहून आला म्हणे. माझ्याएवढं वय असंल त्याचं. मी, सलीम आन् दिल्या, आमी तिघं दोस्त बाजारात गेलतो. दिल्या नुसता बघत हुभा.

मी म्हणलं, “दम असंल तर सायकल देऊन घेऊन दाखव!”

मी आपलं सहज म्हणलं. दिल्यानं सायकल स्टँडला लावली, किल्ली काढली आन् त्या माणसाच्या हातावर ठिवली.

“चालू तर करून बघ की!” सलीम म्हणला.

“बाजारात टीव्ही कुठून आणू?” दिल्या म्हणला.

बरोबर होतं. येताना आमी तिघं सायकलीवर आलतो. जाताना डबा घेऊन चालत गेलो.

*

घरी डबा टीव्हीला जोडला. बटन दाबलं. कायबी न्हाई.

दिल्याच्या वडलांला आमी सगळे दादाच म्हणतो. दादा कामावरनं आले. “सायकल कुठाय?”

दिल्यानं डबा दाखवला. दादांनी डब्याकडं बघितलं, मग दिल्याकडं. “चालला तर ठीक. ज्या दिवशी बंद पडंल, त्या आठवड्याच्या बाजाराला डबा वापस, सायकल वापस.”

ते आत गेले तवा मी डबा उलटा केला. सेलच्या खणात एक स्प्रिंग गायब! दारात सिगरेटचं रिकामं पाकीट पडलेलं. त्यातला चांदीचा कागद घडी करून मी तिथं कोंबला.

टक्!

पडद्यावर दोन पट्ट्या आन् एक पांढरा टिपका. टिपका पट्टीवर आपटला की टक्. एवढाच गेम. आमी जेवायचं इसरलो.

निघताना म्हणलं, “सेल काढून ठिवतो, न्हाईतर गळतात.” सेल ठिवले, चांदी खिशात घातली.

इमानदारीत सांगतो, कारण होतं. सातवीत मी दोनदा गचकलो, शाळा सुटली. हे दोघं नववीत. त्यांचं बोलणं त्यांच्या त्यांच्यात चालायचं, मी नुसता बाजूला. आता मला बोलावल्याबिगर टिपका हालणार नव्हता.

*

सेल मीच घालायचो, त्यातच गुपचूप चांदी. मी आलो की चालू, नसलो की बंद. चार दिवसांत सगळ्यांच्या ध्यानात आलं.

सलीम म्हणला, “पप्या, तेरे पैरां में कुछ तो बी है रे!”

“आमच्यात पायगुण-बियगुण मानत न्हाईत,” दिल्या म्हणला. खरं होतं. दादा विद्यापीठाच्या नामांतराच्या सभेला जायचे, तिथं असल्या गोष्टींवर लय तावातावानं बोलायचे.

दिल्याची आई, काकू, चुलीपाशी होत्या. म्हणाल्या, “तुमी नका मानू. डबा मानतोय ना?”

त्या दिवसापासून काकूंचा माझ्यावर लय भरोसा. “पप्या, तू दळण आणलंस की भाकरी मोडत न्हाई बघ.” मी दळण आणलं. “तू हापशावरनं पाणी आणलंस की गोड लागतंय.” मी सहा घागरी आणल्या. “तू गोठा झाडलास की म्हैस लवकर पान्हा सोडती.” मी गोठा झाडला.

घरी आईनं झाडू दाखवला तर मी पार पिंगळी गावापस्तोर पळत जाईन. पण पायगुणाचं काम निराळं. त्यात इज्जत हाय.

*

बँकेतल्या साहेबाच्या पोरानं औरंगाबादहून नवाकोरा गेम आणला. रंगीत. बंदूकबी. आमाला बघायला बोलावलं. त्यानं बटन दाबलं आन् लगेच चालू झाला.

सलीमचं तोंड उतरलं. “ठोकना नक्को, हिलाना नक्को, पप्या को बुलाना नक्को. इसमें क्या मजा?”

आठ दिवसांनी ते पोरगं आमचा डबा खेळायला नंबरात हुभं. एका डावासाठी बंदूक द्यायला तयार झालं.

दिल्या म्हणला, “बंदूक ठेव तुला. नंबरानं ये.”

*

शेजारी पोस्टातनं रिटायर झालेले आजोबा. त्यांचा आन् दिल्याचा अँटेना एकाच भिंतीवर. आमची वायर काढायची राहिली की आमचा टिपका त्यांच्या टीव्हीवर दिसायचा.

एकदा नामांतरावरनं बंद होता, शाळाबी बंद. दिवसभर खेळलो. संध्याकाळी आजोबा दारात. “काल किती चांगलं खेळलात. आज लय घाण!”

“काल शाळा होती की आजोबा,” दिल्या म्हणला.

“दुपारी एक ते तीन. रोज बघतो मी. एकच जण दोन्ही हातांनी खेळतंय वाटतं. एक टिपका सोडत न्हाई!”

सलीमनं मला कोपर मारलं. आजोबांचं वय झालं, मी मनात म्हणलं.

काकू अंगणात पापडाशेजारी ठिवलेले जुने, उतरलेले सेल गोळा करायलत्या. म्हणाल्या, “उन्हात तापले की जोर धरतात.” लय हुशार बाई.

*

मग मामाच्या लग्नाला मी आठ दिवस वालूरला गेलो. चांदी खिशातच.

इकडं दिल्यानं बटन दाबून दाबून बोट सुजवलं. डबा बंद. दादा म्हणले, “पोराच्या पायगुणावर चालणारी वस्तू माझ्या घरात! लोक हसायलेत मला. उद्या बाजार हाय.”

बाजाराच्या सकाळी मी पोचलो तर डबा पिशवीत. दादा चप्पल घालायले. दिल्या भिंतीकडं तोंड करून हुभा. सलीम दाराला टेकून.

न्हाई बोललो तर डबा जातोय. बोललो तर डबा राहील, पण मला कोण बोलावंल? मी जास्त विचार करत न्हाई, म्हणून टाइम लागला. दादा पायरी उतरले.

“दादा, थांबा. पायगुण न्हाई. ही हाय.” मी चांदी काढून दाखवली. “स्प्रिंगच्या जागी लागती. मी रोज काढून न्हेत होतो.”

दिल्या वळला. त्यानं दिलेली शिवी मी लिहीत न्हाई. दादा समोर असून दिली.

दादांनी चांदी निरखून बघितली. “म्हंजे ही तुझ्या हातात असताना डबा चालू व्हणार न्हाई?”

“बिलकूल न्हाई!”

दादांनी डबा पिशवीतनं काढला, टीव्हीला जोडला, बटन दाबलं.

टक्.

सगळे माझ्या हाताकडं बघायले. मीबी माझ्या हाताकडं बघायलो. सलीमनं डबा उलटा करून खण उघडला. स्प्रिंगच्या जागी चांदी! माझी पांढरी, चुरगाळलेली. ही पिवळी, चहाच्या पुड्यातली, कातरीनं नीट कापून चार पदरी घडी घातलेली.



चुलीपाशी काकूंनी तव्यावरची भाकरी उलटली.

“माझी हाय ती,” त्या म्हणाल्या. “काल दुपारी काढायची राहिली. पप्या, घागरी भरल्यास का?”