कूडमनीतली पद्माक्का

पद्मा मेत्रीचं लग्न एकट्या प्रसादशी झालं, पण संसार मात्र सहा बिऱ्हाडांशी करावा लागला.

धारवाडहून हुबळीकडे जाताना रायापूरला मोठा रस्ता सोडून आत वळलं की आंब्याच्या झाडांमागे एक लांबलचक कौलारू इमारत लागायची. आप्पासाहेब नावाच्या एका ख्रिस्ती शिक्षकांनी ती घेतली आणि तिथं सहा कुटुंबं आणून बसवली. प्रेषितांच्या काळी विश्वासणारे जसे सगळं सामाईक ठेवून राहत, तसं राहून दाखवायचं, ही त्यांची जिद्द. चूल एक, प्रार्थना एक, पैशाची पेटी एक. आसपासचे लोक कन्नडमध्ये त्या घराला 'कूडमनी' म्हणायचे, म्हणजे मिळून राहायचं घर.

बेळगावला पद्माचं बालपण दोन खोल्यांत, भावजयांची धुसफूस ऐकत गेलेलं. सकाळी पाण्याच्या कळशीवरून भांडण, रात्री अंथरुणावरून. त्यामुळे कूडमनी तिला पहिल्यांदा स्वर्गासारखी वाटली. इथं कुणी आवाज चढवत नव्हतं. आजारी माणसाला न सांगता पेज मिळत होती. प्रसाद हुबळीत मुलांना टर्नरचं काम शिकवायचा. तो संध्याकाळी घरी आला की कुणाच्याही हातचा चहा प्यायचा आणि पद्माला त्याचं काही वाटायचं नाही.

घराचं वर्ष ऋतूंच्या चालीनं चालायचं. उन्हाळ्यात अंगणात वाळवणं पडायची, दसऱ्यानंतर पावट्याच्या शेंगा सोलायला सगळ्याजणी एका चटईवर बसायच्या, नाताळात करंज्यांचे डबे भरायचे. सुगीला देवाचे आभार मानायचा सण झाला की खोल्या बदलायच्या. कुणाचा कुठल्या भिंतीवर जीव जडू नये, म्हणून. आणि मूल पाच वर्षांचं झालं की त्यानं आईबापांची खोली सोडून मुलांच्या दालनात झोपायला जायचं. जेवताना कुठल्याही आईनं स्वतःच्या लेकराला आधी वाढायचं नाही, हाही एक नियम होता.

पद्माची नेत्रा जन्मतःच छातीनं नाजूक. उन्हाळाभर ठीक असायची. पण एकदा धारवाडचा तो जिटीजिटी, न थांबता झिमझिमणारा पाऊस लागला, की आठवडा-आठवडा ऊन दिसायचं नाही, दोरीवरचे कपडे कुबट व्हायचे आणि नेत्राच्या छातीत शिट्टी वाजायला लागायची. मुलांचं दालन उत्तरेकडे. त्याच्या भिंतीला श्रावणात हिरवं शेवाळ धरायचं.

नेत्रा सहा वर्षांची असताना पद्मा धीर करून आप्पासाहेबांकडे गेली. ते बाहेरच्या कट्ट्यावर बसून छत्रीची काडी दुरुस्त करत होते.

"आप्पासाहेब, पावसाळा सरेपर्यंत नेत्रा आमच्या खोलीत झोपली तर चालेल का? तिकडं ओल फार आहे."

आप्पासाहेब रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत.

"पद्मा, आज तू तुझं लेकरू नेशील, उद्या बाकीच्या पाच जणी नेतील. मग हे घर कसलं? चाळ होईल." आणि मग अगदी मायेनं त्यांनी विचारलं, "तिथली बाकीची लेकरं तुझी नाहीत का?"

पद्मा पदर सावरून स्वयंपाकघराकडे वळली.

त्याच दिवशी संध्याकाळची प्रार्थना संपल्यावर नेत्रा उशी काखोटीला मारून त्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, मी कोपऱ्यात झोपते. खोकणार नाही."

प्रसादनं पद्माकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलं. पद्मानं नेत्राचा हात धरला, ओसरीवरून तिला परत दालनात नेलं, अंथरुणावर निजवलं, कानापर्यंत पांघरूण ओढलं आणि मागं न बघता निघून आली. नेत्रा रडली नाही. त्यानंतर ती कधी दारात आलीही नाही.

पुढच्या रविवारी आप्पासाहेबांनी सगळ्यांसमोर पद्माचं नाव घेतलं. देवासाठी स्वतःच्या काळजावर दगड ठेवणारी बाई, असं काहीतरी म्हणाले. खोटं कशाला सांगायचं, पद्माला ते गोड लागलं. आयुष्यात तिला चारचौघांत कुणी मोठं म्हटलं नव्हतं. हळूहळू स्वयंपाकघराच्या किल्ल्या तिच्याकडे आल्या. ती सगळ्यांची पद्माक्का झाली. आंब्याच्या दिवसांत ती परातीत फोडी करून वाटायची, आणि सगळ्यांत बारकी फोड नेत्राच्या ताटात पडायची, कारण वाढणारी तिची आई होती. कुणी बोट दाखवू नये म्हणून पद्मा स्वतःच्या लेकीला नियमापेक्षाही कमीच देत गेली.

नेत्रा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना प्रसाद गेला. एप्रिलची दुपार, जेवून जरा आडवा झाला तो उठलाच नाही. कूडमनीनं सगळं केलं. शवपेटी आणली, खड्डा खणवला, गाणी म्हटली, आल्यागेल्याला जेवू घातलं. पद्माला साधी चादर शोधायला उठावं लागलं नाही. आठवड्यानं नेत्रा तिच्याजवळ येऊन बसली.

"आई, हुबळीत दोन खोल्या बघू या. मला नोकरी लागेल आता. तू आणि मी राहू."

"आणि इथलं कोण बघणार?" पद्मा म्हणाली. "पावसाच्या आत सांडगे व्हायचेत, तिखट कुटायचंय."

नेत्रा "बरं," म्हणाली. मग एकटीच हुबळीला गेली. तिथल्या एका दवाखान्यात तिला नोकरी मिळाली आणि तिथंच रक्त तपासणाऱ्या सिद्धांतशी ओळख झाली. सिद्धांतचं घर बौद्ध. दोघांनी नोंदणी करून लग्न केलं. लग्नानंतरच्या जेवणाला कूडमनीतली अर्धी माणसं गेली. पद्मा पंगतीत फिरून वाढत होती, तेव्हा सिद्धांतच्या आईनं, पारूबाईंनी, तिचा हात धरून तिला पाटावर बसवलं. "अहो विहीणबाई, आज तुमच्या लेकीचं लग्न आहे. तुम्ही बसा की!"

आप्पासाहेबांनी ऐंशी ओलांडली. जुनी बिऱ्हाडं पांगली, नवी आली. त्यांत चेतन आणि दीपश्री हे तरुण जोडपं होतं, आणि त्यांचा पाच वर्षांचा मुलगा. गेल्या पावसाळ्यात त्या पोराला खोकला झाला. दीपश्रीनं कुणाला विचारलं नाही, सवरलं नाही, त्याचं अंथरूण उचललं आणि आपल्या खोलीत नेऊन टाकलं. जुन्यांपैकी विठ्ठलरावांना ते खपलं नाही. त्यांनी बैठकीत विषय काढला.

आता त्या पोरीला काय काय ऐकावं लागणार, या विचारानं पद्मा पदराचं टोक पिळत बसली. आपण तिच्या बाजूनं बोलायचं, असं तिनं मनाशी ठरवलंही. पण बोलायची वेळच आली नाही.

आप्पासाहेब शालीतून हात बाहेर काढून म्हणाले, "राहू दे की. लेकराला बरं नाही. आईजवळ नको तर कुणाजवळ झोपेल? आम्हीच त्या काळी जरा जास्त ताणलं."

विठ्ठलरावांनी मान डोलावली. लगेच पाण्याची टाकी कधी धुवायची, याचं बोलणं सुरू झालं. पद्मा टाकीबद्दलचं ऐकत बसली. आपल्या कानांनी काहीतरी चुकीचं ऐकलं, असंच तिला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती आप्पासाहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"माझ्या नेत्राच्या वेळी का नाही म्हणालात असं?"

त्यांनी डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. "तू कधी मागितलंच नाहीस, पद्मा."

"मागितलं होतं. ह्याच कट्ट्यावर."

"असेल बाई. मला नाही आठवत." ते हसले. त्या हसण्यात कपट काही नव्हतं. "जरा गरम पाणी देतेस प्यायला?"

पद्मानं गरम पाणी आणून दिलं.

पुढं कितीतरी दिवस ती त्यांच्यावर मनातल्या मनात चरफडत राहिली. भाजीला फोडणी देताना, तांदूळ निवडताना तिच्या तोंडात कडू यायचं. मग त्याहून वाईट विचार मनात आला. आप्पासाहेबांनी तेव्हा दोन-चार वाक्यं उच्चारली होती, तेवढीच. पोरीचा हात धरून तिला ओसरीवरून परत नेलं होतं ते दुसऱ्या कुणी नाही.

थंडी पडली, आणि नेत्राला सातवा लागल्याचं कळलं. कट्ट्यावरच्या त्या मागण्यानंतर इतक्या वर्षांत पद्मानं कूडमनीकडे स्वतःसाठी पहिल्यांदा काही मागितलं. लेकीला बाळंतपणासाठी आणायचं आहे, वेगळी खोली हवी. कुणी हरकत घेतली नाही. दक्षिणेची उन्हाची खोली मिळाली. चेतननं भिंतींना चुना लावला, दीपश्रीनं पडदा शिवला. पद्मानं जुन्या लुगड्यांची दुपटी केली, धुरी द्यायची शेगडी घासून ठेवली, डिंकाचे लाडू वळले. एका सकाळी पिशवी घेऊन ती हुबळीच्या चिगरी नावाच्या शहरबसमध्ये बसली आणि हुबळीला गेली.

पारूबाईंनी दार उघडलं, पाणी दिलं, "बसा हं, तिला उठवते," म्हणून आत गेल्या. नेत्रा जड पावलांनी बाहेर आली. पद्मानं पिशवीतून एकेक वस्तू काढून दिवाणावर मांडली.

"पुढच्या आठवड्यात न्यायला येते तुला. सिद्धांतला सांग, गाडी करू."

"आई, मी नाही येत."

"अगं, पहिलं बाळंतपण माहेरीच करतात."

"माहेर म्हणजे कुठली खोली?"

नेत्राच्या विचारण्यातली खोच पद्माच्या ध्यानात आली नाही. ती उत्साहानं सांगू लागली. "दक्षिणेची. दिवसभर ऊन येतं. आणि बाळ तुझ्याजवळच राहील हं. आता पाच वर्षांचं पोरसुद्धा आईजवळ झोपलं तरी कुणी काही म्हणत नाही."

"आता म्हणजे?"

पद्माची जीभ अडखळली. पण बोलणं तोंडातून गेलं होतं. "गेल्या पावसाळ्यापासून. दीपश्रीच्या मुलाला खोकला झाला, तिनं कुणाला न विचारता त्याला आपल्या खोलीत नेलं."

नेत्रा दुपट्याची घडी हातात धरून उभी होती. "खूप भांडणं झाली असतील."

"नाही."

"मग?"

"आप्पासाहेब म्हणाले, राहू दे."

"एवढंच?"

"एवढंच," पद्मा म्हणाली.

आत पारूबाईंचा कुकर शिट्टी देत होता. नेत्रा हळूच दिवाणावर बसली. ती ओरडली असती, तर पद्माला बरं वाटलं असतं.

"मला वाटायचं, तुझे हात बांधलेले होते," नेत्रा म्हणाली. "सिद्धांतला पण मी तेच सांगायचे. आईचा नाइलाज होता, म्हणायचे."

"मी चुकले, नेत्रा."

"हो."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. नेत्रानं दुपटी एकावर एक रचली. "ही राहू देत. चहा घेऊन जा."

बाळ उन्हाळ्यात झालं. मुलगी. फोन सिद्धांतचा आला. पद्मा दवाखान्यात गेली, तिनं बाळाला पाहिलं, सगळ्यांसारखाच तिचाही फोटो काढला गेला. बाराव्या दिवशी ती पुन्हा गेली, तेव्हा पारूबाई मोरीत पाय पसरून बसल्या होत्या आणि पायांवर बाळाला पालथं घालून तेल चोळत होत्या. पद्माला राहवलं नाही. तिनं बांगड्या मागं सारल्या.

"विहीणबाई, आज मी घालते न्हाऊ."

"या की, या!" पारूबाई सरकू लागल्या. "आजीच आहात तुम्ही."

"नको." नेत्राचा आवाज आतल्या खोलीतून आला, चढलेला नव्हता. "तिनं पुष्कळांची बाळं न्हाऊ घातली आहेत. माझं एक राहू दे."

पारूबाईंचा हात बाळाच्या पाठीवर तसाच थांबला. पद्मानं बांगड्या पुन्हा खाली ओढल्या आणि बादलीत गार पाणी ओतून देत म्हणाली, "पाणी जरा कढत वाटतंय."

त्या दिवशी पारूबाई तिला बसपर्यंत सोडायला आल्या. "पोर अजून ओली बाळंतीण आहे, मनावर घेऊ नका," असं दोन-तीनदा म्हणाल्या. पद्मानं मान डोलावली. त्या माउलीला काय सांगायचं, आणि कुठून सुरुवात करायची?

कूडमनीच्या फाटकात दीपश्री भेटली. मुलगा कडेवर होता, इतका मोठा असून. "अक्का, बाळ कुणावर गेलंय?" तिनं विचारलं.

"अजून कळत नाही," पद्मा म्हणाली आणि रात्रीच्या भाताचं आधण ठेवायला गेली.

दक्षिणेच्या खोलीत आता गदगहून आलेलं नवं बिऱ्हाड राहतं. पद्मा अजून तिथंच आहे. दुसरीकडे जाईल कुठं? किल्ल्या तिच्याकडेच आहेत, नवी माणसं तिला मानतात, रविवारी तिच्यासाठी पुढची जागा राखून ठेवतात. नियम मोडला तर ती कुणाला बोलत नाही. नियम पाळणाऱ्यांची वाहवाही करत नाही. पंधरा दिवसांतून एकदा हुबळीला जाते. नेत्रा दार उघडते, चहा देते, गुडघे दुखतात का विचारते, औषधाच्या गोळ्या आणून ठेवते. भांडण नाही, अबोला नाही. पाहुण्याशी जसं नीट वागावं, तसं ती वागते.

नात आता रांगते. गोरी, गुटगुटीत, हसरी. कुणीही हात पुढे केले की झेपावते. शेजारीण असो, दूधवाला असो, पद्मा असो, तिला सगळे सारखेच. "कुणाकडेही जाते बघा, मुळी रडत नाही," असं पारूबाई कौतुकानं सांगतात. तेवढं ऐकलं की नेत्रा उठते, पद्माच्या मांडीवरून मुलीला उचलते आणि आतल्या खोलीत घेऊन जाते.