साठ मिनिटांचे बापटकाका

बापटकाकांनी मला फसवलं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल चार शब्द चांगले बोललो तर कुणाचा गैरसमज नको. कॅनडातल्या सरे गावात माझं टायरचं दुकान आहे. कोल्हापुरातून आलो तेव्हा दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये चाकं काढत होतो. आज माझ्या दुकानात चार लोक चाकं काढतात. पंजाबी ट्रकवाल्यांशी घासाघीस करून मी उभा राहिलो आहे, आणि ज्यानं ती केली आहे त्याला याचा अर्थ कळेल. मला गंडवणारा माणूस अजून जन्मायचा आहे, असं मी छातीठोकपणे सांगत असे. तो माणूस सांगलीत कधीच जन्मला होता आणि माझ्या कितीतरी आधी कॅनडात येऊन रिटायरसुद्धा झाला होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

काका पहिल्यांदा दुकानात आले ते ऑक्टोबरात. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात काठी, आणि डोक्यावर विटून आमसुलासारखी झालेली कुठल्यातरी कॉलेजची टोपी. गाडी शेजाऱ्यानं चालवत आणली होती. विंटर टायर हवे होते. समोर मराठी माणूस आहे म्हटल्यावर मी किंमत चढवूनच सांगितली, कारण तो उतरवणार हे गृहीत असतं.

काका म्हणाले, "ठीक आहे. घाल."

मला अपमान झाल्यासारखं वाटलं. पहिल्या किमतीला हो म्हणणारा माणूस एकतर भोळा असतो, नाहीतर त्याच्या खिशात दुसरा डाव असतो. काका भोळे दिसत नव्हते.

"किंमत तुझी, अट माझी," ते म्हणाले. "मोतीबिंदूमुळे लायसन्स परत केलंय. या शनिवारी मला बॉर्डरपलीकडे, अमेरिकेत, एका मॅचला ने. तुझ्या टायरचीही परीक्षा होईल."

"किती वेळाची मॅच आहे?"

"साठ मिनिटांची."

मी मनात हिशेब केला. सीमेपासून दीडेक तास जाणं, तेवढंच येणं, मधे एक तास. चहाला परत. "ठरलं," म्हणालो आणि हात पुढे केला. काकांनी तो असा दाबला की तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

अमेरिकन फुटबॉल ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मैदानावरच्या घड्याळात साठच मिनिटं असतात, पण ते घड्याळ चालण्यापेक्षा थांबतंच जास्त. चेंडू रेषेबाहेर गेला, थांबलं. फेकलेला चेंडू खाली पडला, थांबलं. प्रशिक्षकाला विचार करायचा आहे, त्यानं टाइमआउट मागितला, थांबलं. शेवटची दोन मिनिटं तर आमच्याकडच्या लग्नातल्या 'दोन मिनिटांत निघतोच' इतकी लांबतात. दुपार संपली तेव्हा आम्ही मैदानावरच होतो आणि माझ्या दुकानात टायर बदलायला आलेल्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. ऑक्टोबरातला शनिवार म्हणजे आमच्या धंद्यातली दिवाळी. दुकानात काम करणारा नाशिकचा अनिकेत फोनवर जवळजवळ रडत होता, "सर, लोक शिव्या देतायत! एकजण तर हिंदीत देतोय!"

परतीच्या वाटेवर मी काकांवर तोंडसुख घ्यायला जी सुरुवात केली, ती सीमेवरच्या रांगेपर्यंत. काका शांतपणे भडंग खात होते. भडंगाचा डबा त्यांच्याजवळ कायम असे.

"घड्याळावर साठच होती की नाही? तू स्वतः बघितलीस," ते म्हणाले. "थांबलेला वेळ खेळात धरत नाहीत, दत्तोबा. बाहेर धरतात. म्हणून तर तिकडे जायचं."

"आणि एवढं करून हरलो ना! तो पंच विकला गेला होता. धडधडीत फसवलं त्यानं आपल्याला!"

"आपल्याला?" काकांनी विचारलं आणि डबा माझ्यापुढे धरला.

तिथेच मी गळाला लागलो. पुढच्या शनिवारी बायको सुनंदा म्हणाली, "अहो, दुकान?" मी म्हणालो, "अनिकेत बघेल." असे चार मोसम अनिकेतनं बघितलं.

ज्याची टीम बघायला आम्ही जायचो, काका तरुणपणी इंजिनिअरिंग शिकायला आले ते त्याच कॉलेजात. डोंगराच्या पायथ्याशी सफरचंदाच्या बागांमधलं लहानसं गाव, त्याहून लहान कॉलेज, आणि त्या कॉलेजची टीम अमेरिकेतल्या फुटबॉलच्या उतरंडीत अगदी तळाशी. टीव्हीवर कधी दिसणार नाही, खेळाडूंना शिष्यवृत्तीही नाही. एका बाजूला लाकडी बाकं, दुसऱ्या बाजूला नुसता गवताचा उतार. सीमेवरचा अधिकारी दर वेळी विचारायचा, "सिॲटलच्या टीमची मॅच का?" आणि काका दर वेळी ताठ बसून सांगायचे, "नो सर. त्याहून मोठी."

मी एकदा वैतागून म्हणालो, "काका, बघायचंच तर मोठ्या कॉलेजांचं बघा की टीव्हीवर, घरी, रजई घेऊन."

"मोठ्या कॉलेजचे खेळाडू टीव्हीवर दिसतात," काका म्हणाले. "आपले मॅचनंतर पॅनकेकच्या दुकानात दिसतात. आपला किकर तिथे कॉफी वाढतो. चुकलेल्या किकबद्दल त्याला तोंडावर विचारता येतं, ही चैन मोठ्यांच्या नशिबात नाही."

कॅनडातल्या फुटबॉलबद्दल त्यांचं मत वाईट होतं. तिकडे दहा यार्ड पुढे जायला तीनच संधी देतात, अमेरिकेत चार. "तीन संधींत काय होतं?" ते म्हणायचे. "मी पहिल्या तीन नोकऱ्यांत नापास झालो. चौथी संधी देतो तो खेळ मोठा." पोटापाण्याला पन्नासेक वर्षं कॅनडात, पण या एका बाबतीत त्यांनी इथलं नागरिकत्व कधी मनापासून घेतलंच नाही.

आता माझं काम. काकांना मैदान धूसर दिसायचं, म्हणून समोर काय चाललंय ते मी मोठ्यानं सांगायचं, अशी अट दुसऱ्या शनिवारी आपोआप तयार झाली. मला त्या खेळातलं काही कळत नव्हतं. मला कळत होती कबड्डी. कोल्हापुरात आमच्या पेठेच्या संघात मी कोपरा सांभाळायचो. मग मी तेच सुरू केलं. "चढाईला निघाला... डावीकडून घुसला... कोपऱ्यानं घोटा धरला, पकड! गेली चढाई. अजून चार यार्ड हवेत, काका, आणि एकच संधी उरलीय." काका मान डोलवत ऐकायचे, मधेच "मधला काय झोपलाय का?" असं विचारायचे, आणि मी त्या मधल्याला अस्सल कोल्हापुरी शिव्या द्यायचो. तिथे कुणाला कळत नव्हत्या, त्यामुळे हातचं राखायचं कारण नव्हतं.

पुढच्या बाकावर डोना नावाची म्हातारी बसायची. तिचा नातू बचावफळीत होता. तिनं एकदा मागे वळून विचारलं, "तुम्ही सारखं ते 'पकड' म्हणता, ते काय?" काकांनी समजावून सांगितलं. त्या मोसमाच्या शेवटापर्यंत आमची सगळी बाकं प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक चढाईला टाचा आपटत "पकड! पकड!" ओरडत होती. वॉशिंग्टन राज्यातले सफरचंदवाले शेतकरी. काकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

आणि मग गेल्या वर्षी सप्टेंबरात कॉलेजनं जाहीर केलं की हा मोसम शेवटचा. खर्च परवडत नाही, टीम बंद.

माझं डोकं फिरलं. पहिल्याच मॅचच्या मध्यंतरात कॉलेजचे अध्यक्ष कॉलेजच्या रंगाचा टाय घालून लोकांशी हात मिळवत फिरत होते, त्यांना मी गाठलं. म्हणालो, "हा माणूस टोपी विटेपर्यंत तुमच्यासाठी कॅनडातून येतोय. बंद करताना त्याला विचारलंत?" अध्यक्ष हसून म्हणाले, "थँक यू फॉर युअर सपोर्ट." माझ्या दुकानात चिडलेल्या गिऱ्हाइकाला मी असं म्हणालो असतो तर त्यानं टायर फेकून मारला असता.

काकांनी मला दंडाला धरून बाकावर आणलं. "बस खाली. आपल्याला हरायची सवय आहे. मला फक्त आपल्या मैदानावरची शेवटची मॅच बघायची आहे. नोव्हेंबरातली. तेवढी पदरात पाड."

कारण तीही पक्की नव्हती. काकांची मुलगी शुभदा टोरोंटोच्या उत्तरेला रिचमंड हिलला राहते. काकू गेल्यापासून बाबांनी आपल्याकडे यावं म्हणून ती मागे लागली होती, आणि या वेळी तिनं तिकीटच काढलं होतं, दिवाळीच्या आधीचं. मी तिला फोन लावला.

"दत्ताकाका, आय ॲम सॉरी, पण बाबांना मी अजून एक विंटर एकटं ठेवणार नाही. त्यांना दिसत नाही, यू नो दॅट."

"नको ठेवूस. पण डिसेंबरात ने."

"नो वे. तिकीट बुक झालंय."

"मग नोव्हेंबरअखेर."

"दिवाळी त्यांनी मुलांबरोबर करायला नको?"

"दिवाळी दर वर्षी येते. ही मॅच पुन्हा येणार नाही." ती गप्प झाली. समोरचा गप्प झाला की लगेच भाव सांगायचा, हा आमच्या धंद्याचा नियम. "शेवटच्या मॅचच्या दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढ. सामान मी बांधतो, विमानात मी बसवून देतो. तोवर रोजचा डबा सुनंदा देईल."

"यू आर इम्पॉसिबल," शुभदा म्हणाली. म्हणजे सौदा झाला.

शेवटच्या मॅचला गवताच्या उतारावरसुद्धा जागा नव्हती. पाऊस भुरभुरत होता. काकांनी टोपीवर प्लास्टिकची पिशवी चढवली होती. मी घसा बसेपर्यंत सांगत राहिलो. शेवटच्या काही सेकंदांत आपण दोन गुणांनी मागे होतो आणि किकर, तोच कॉफीवाला, मैदानात आला. किक दोन खांबांच्या मधून गेली तर तीन गुण. गेली तर जिंकलो, चुकली तर कायमचं संपलं.

"काका, चेंडू ठेवला," मी म्हणालो. "धावला... मारली... वर गेलाय, चांगला वर गेलाय..."

"डावीकडे चाललाय!" काका ओरडून उभे राहिले. "गेला! खांबाच्या बाहेरून गेला, च्यायला!"

आणि तो खरोखरच डावीकडून, खांबाच्या हातभर बाहेरून गेला. लोक अजून श्वास रोखून होते. बघायला मलासुद्धा एक क्षण जास्त लागला होता.

मी चेंडू सोडून काकांकडे बघायला लागलो. काळा चष्मा कपाळावर होता.

"काका, तुम्हाला दिसतंय."

काकांनी चष्मा हळूच खाली ओढला.

"नाटकं बास! कधीपासून?"

"मे महिन्यात ऑपरेशन झालं. दोन्ही डोळे. तू कोल्हापूरला गेला होतास."

"म्हणजे हा अख्खा मोसम? मी इथे बोंबलून घसा फाडतोय, तिकडे माझं दुकान गिऱ्हाइकं परत पाठवतंय, आणि तुम्हाला सगळं दिसतंय? शुभदाला माहीत आहे?"

"नाही. तिला कळलं तर तिथे गेल्यावर मला नातवंडांना शाळेत सोडायला लावेल."

मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. डोना मागे वळून म्हणाली, "इट्स ओके, डिअर, मलाही रडू येतंय." तिला वाटलं मी हरल्यामुळे ओरडतोय.

काकांनी मला बोलू दिलं. मग भडंगाचा डबा उघडला, मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "दत्तोबा, हा खेळ मी इतकी वर्षं बघितला. तुझ्या काकूला त्याचा कंटाळा. शुभदाला लाज वाटायची. कामावरच्या लोकांशी बोलायचो, पण इंग्रजीत. बघायला काय, डोळे होतेच. पण मराठीत हा खेळ मी तू भेटेपर्यंत ऐकलाच नव्हता. दिसतंय म्हणून सांगितलं असतं, तर तू बोलायचा थांबला असतास."

मी डब्यातून मूठभर भडंग घेतलं. मैदानावर खेळाडू एकमेकांना धरून उभे होते आणि कुणीच निघत नव्हतं. मग बाकांवरून कुणीतरी टाच आपटली, दुसऱ्यानं आपटली, आणि समोर कुणी चढाईला नसताना सगळे ओरडले, "पकड! पकड!" आम्हीही ओरडलो. मॅच साठ मिनिटांची होती. आम्ही निघालो तेव्हा मैदानावरचे दिवे लागले होते.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर मी त्यांना विचारलं, "डोळे चांगले आहेत, पाय चांगले आहेत, मग जाता कशाला? अजून टाइमआउट आहेत की तुमच्या हातात."

"ते सगळे तू वापरलेस," काका म्हणाले, "शुभदाशी बोलताना." आणि काठी टेकत, आंधळ्याचं सोंग घेऊन, व्हीलचेअर घेऊन आलेल्या मदतनीस मुलीबरोबर रांगेच्या पुढून निघून गेले.

या वर्षी ऑक्टोबरातले सगळे शनिवार मी दुकानात होतो. धंदा उत्तम झाला. अनिकेत एखादा टायर गडगडत आणायला लागला की माझ्या तोंडातून निघून जातं, "आला, डावीकडून आला," आणि गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं.

तरीही मी हे सगळं पोटात घातलं असतं. पण मागच्या आठवड्यात शुभदाचा फोन आला. म्हणाली, "दत्ताकाका, बाबा इथे छान रमलेत. दर शनिवारी इकडच्या एका कॉलेजच्या मॅचला जातात. शेजारचे कुलकर्णी नेतात, रिटायर्ड बँकवाले, सो स्वीट. बाबांना दिसत नाही ना, मग ते त्यांना सगळं मराठीत सांगतात."

तेव्हापासून मला झोप नाही. फोन केला की काका हवापाण्यावर बोलतात. म्हणून आता चारचौघांत विचारतो. बापटकाका, तो कॅनडाचा खेळ आहे, तीन संधींचा. तुमचं ते चौथ्या संधीचं तत्त्वज्ञान कुठे गेलं? कुलकर्णींना मॅच किती मिनिटांची सांगितलीत? आणि बँकेत आयुष्य काढलेल्या त्या माणसाला "पकड" असं पोटातून ओरडता तरी येतं का?

उत्तर द्या. साठ मिनिटं देतो. घड्याळ माझ्या हातात आहे, आणि ते मी थांबवणार नाही.