हात न लावता दिलेला खो

पहिली दोन वर्षं मी खो-खो पाठीला हात न लागता खेळले. हा खेळ खेळलेल्या बायका म्हणतील, काहीतरीच काय. आठ जणी रांगेत बसतात, नववी पळणारीच्या मागे धावते, आणि धावता धावता बसलेल्या एकीच्या पाठीवर हात मारून 'खो' म्हणते. मग ती उठते आणि पाठलाग तिच्याकडे जातो. हात आणि आवाज दोन्ही एकदम हवेत. माझ्यापुरता मात्र आमच्या शाळेत नुसता आवाज चालायचा.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. श्रीवर्धनच्या शाळेच्या संघात मुसलमानाची मी एकटी. संघनायिका सुपारीच्या वाडीवाल्यांची लेक, उंच, फटकळ, पळण्यात माझ्या तोडीची. तिच्या घरी शिवाशिव कडक. मला हात लागला तर तिने विहिरीवर अंघोळ करून, कपडे बदलून मगच घरात पाऊल टाकायचं. रोज संध्याकाळी गार पाणी कोण अंगावर घेईल? म्हणून ती माझ्या पाठीपासून चार बोटांवर हात थांबवायची आणि मोठ्याने खो म्हणायची. तिचं बघून बाकीच्याही तसंच करू लागल्या. खेळाचे मास्तर बघून न बघितल्यासारखं करायचे. तालुक्याच्या सामन्यांत पंचही तेच, मग शिट्टी वाजवणार कोण?

राग यायचा का? यायचा तर काय. पण तोंड उघडलं तर संघातून काढतील, म्हणून गिळायचे. मला पळायचं होतं. आमचं गाव खाडीपलीकडे. ओहोटीला खाडी पायी उतरता यायची. सराव संपला की दप्तर डोक्यावर घेऊन भरतीच्या आत पलीकडे पोचायचं, नाहीतर होडीवाल्याच्या नावाने हाका मारत काठावर बसायचं. त्या चिखलाने माझे पाय घडवले. कोरड्या जमिनीवर मला कोणी गाठू शकत नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते.

आमचा संघ जिल्ह्याच्या सामन्यांसाठी अलिबागला जाणार असं ठरलं आणि दोन्हीकडून सुरू झालं. शाळेत मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले की तुमच्यातल्या मुलींचा भरवसा नाही, ऐन वेळी घरचे अडवतात. एका पोरीने तर विचारलं, तुझे मामा कराचीला गेले, तुम्ही कधी निघणार? घरी जमातीतले दोन वडीलधारे येऊन ओटीवर बसले. पोर वयात आली, परक्या गावात चारचौघांपुढे धावायला पाठवणं शोभतं का, असं त्यांचं म्हणणं. बाबा जहाजावर खलाशी, वर्षातून एकदा घरी यायचे. तेव्हा सगळं अम्मावर. दाराआडून ती एवढंच म्हणाली, बघते. चहा पिऊन ते गेले आणि अम्माने बाबांच्या जुन्या पांढऱ्या कपड्याची इजार शिवायला घेतली, फ्रॉकखाली घालायला. निघायच्या दिवशी ती माझ्या हातात देत म्हणाली,

"जातेस तर खेळून ये. नुस्ती बसून आलीस तर दुसऱ्यांदा मी कुणाशी भांडणार न्हाय."

ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. अम्मा खोटं बोलायची नाही.

अलिबागच्या मैदानावर लाल माती टाकून पाणी मारलं होतं. पंच परके. आधी त्यांचा पाठलाग झाला, मग आमचा. दुसऱ्याच मिनिटाला नायिकेने एकीला माझ्यासमोर आणलं आणि मागून सवयीने आवाज दिला, "खो." मी उठले आणि तीन पावलांत ती पोर धरली. शिट्टी. मला वाटलं, बाद झाली. पंच मान हलवत होते. हात लागला नाही म्हणे, फाऊल. पोर वाचली. थोड्या वेळाने परत तेच. मी आवाजावर उठले, धरली, शिट्टी, वाचली. दोन वर्षं अंगात मुरलेली सवय, ती एका दिवसात कशी सुटणार? पहिला डाव संपला तेव्हा आम्ही बरोबर दोन गड्यांनी मागे होतो.

विश्रांतीत मास्तरांनी वर न बघता माझं नाव घेतलं. म्हणाले, तुझ्यामुळे फाऊल होतायत, तू बाहेर बस, राखीव मुलगी खेळेल.

कपाळ माझं! माझ्यामुळे? डोळ्यांत पाणी आलं ते दुःखाने नव्हे, संतापाने. इजार घालून, जमातीची बोलणी खाऊन, इतक्या लांब एसटीत उलट्या करत मी बाहेर बसायला आले होते? आणि घरी गेल्यावर अम्माला काय सांगायचं? दोन वर्षांत जे बोलले नव्हते ते मी तिथे बोलले.

"मास्तर, मी बाहेर बसणार नाही. मी दोघी धरल्यात. मला हात लावा, शिट्टी वाजणार नाही."

एकजण चप्पल सारखी करू लागली, एकजण वेणी. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट मोठ्याने म्हटली की असंच होतं. मास्तर राखीव मुलीला उठ म्हणणार, तेवढ्यात नायिका म्हणाली,

"तिला राहू द्या. चूक माझी आहे."

शेवटचा पाठलाग आमचा. सुरुवातीला ती मला टाळतच होती. माझ्या शेजारणीला खो, पलीकडचीला खो. मी चौकोनात उकिडवी बसून होते आणि मनात म्हणत होते, ये गो बाई, ये एकदा. दोन मिनिटं उरली, जिंकायला तीन गडी हवे होते. मग पाठीमागे तिची पावलं ऐकू आली. मी आवाजाची वाट बघत होते, आणि पाठीवर असा सणसणीत हात बसला की मी पुढे कोलमडलेच. आवाज नंतर ऐकला असं वाटलं. पडता पडता उठले, सूर मारला, पोरीचा घोटा माझ्या हातात. शिट्टी वाजली ती बाद झाल्याची. त्यानंतर तिने मला आणखी तीनदा खो दिला, तिन्ही वेळा तस्साच, जीव तोडून. सामना आम्ही एका गड्याने जिंकलो. पुढचा सपाटून हरलो, तेही सांगायला हवं.

परतीच्या एसटीत नायिका येऊन माझ्याशेजारी बसली. तिने विचारलं, घरी कोणाला सांगशील का? मी म्हटलं, मी तर सांगणार, तुझ्या घरी काय सांगायचं ते तू बघ. ती हसली. म्हणाली, अंगभर माती आहे, आज अंघोळ सगळ्यांनाच करायचीय.

घरी पोचले तर अम्मा विहिरीवरच होती. तिने माझा फ्रॉक धुवायला घेतला, उलटा केला आणि थांबली. पांढऱ्या पाठीवर लाल मातीचा पंजा, पाचही बोटं स्वच्छ दिसत होती. तिचा चेहरा उतरला.

"कुणी मारलं गो?"

"मारलं नाय, अम्मा. वाडीवाल्यांच्या पोरीनं खो दिला, हात लावून."

अम्माने त्या पंज्यावर आपला हात ठेवून बघितला. मग फ्रॉक बादलीत न टाकता उचलला आणि ओटीसमोरच्या दोरीवर तसाच मळका टांगला, पाठ रस्त्याकडे करून. मशिदीला जायची वाट तीच होती. असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाला ते दोघे वडीलधारे त्याच्यासमोरून गेले, तेव्हा अम्मा दारात उभी होती.