पूजेला बसलेला संगणक

आमचे साडभाऊ एका जागी बसलेले मी फक्त त्यांच्या लग्नाच्या फोटोत पाहिले आहेत, आणि त्यातही त्यांचा हात हललेला आहे. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा म्हणून या वादळाला मी बरीच वर्षं सोसतो आहे. वाशिमला आमच्याकडे आले की चहा उभ्यानं पितात, पिता पिता टीव्हीची वायर उपसतात, "हे असं काहून लावलं?" म्हणतात आणि वायर तशीच लोंबत ठेवून गाडीला किक मारून पसार होतात. संध्याकाळच्या बातम्या आम्ही शेजाऱ्यांकडे पाहतो.

आसेगावच्या पुढे एका लहानशा गावात ते प्राथमिक शाळेवर गुरुजी आहेत. पोरांना संगणक शिकवायचाच, हे खूळ शाळेत संगणक येण्याच्या कितीतरी आधी त्यांच्या डोक्यात घुसलं. मग काय, प्रत्येकानं घरून साबणाची झिजलेली वडी आणायची, तोच माऊस. अंगणातल्या फरशीवर खडूनं कळफलक काढलेला, त्यावर उड्या मारत पोरं आपापलं नाव लिहायची. स्पेसबार लांब, म्हणून तिथं दोघांनी हात धरून उडी घ्यायची. एकदा एक आजी तरातरा शाळेत आली. "गुर्जी, पोट्टं आंघोळीले साबन देऊन नाही राह्यलं. म्हणते, माऊस ओला होते." साडभाऊंनी आजीलाच माऊस धरायला शिकवून परत पाठवलं.

पण गावात इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन येऊ लागली आणि साडभाऊंची झोप उडाली. काही पोरं गेलीच होती. त्यात तिसरीतल्या वैष्णवीचा बाप सांगून गेला, "तुमच्या इथं काम्पुटर नाही गुर्जी. दिवाळीनंतर पोरीले तिकडं टाकतो." त्याच्या मागोमाग सगळी गल्ली जाणार आणि शाळेला कुलूप लागणार, हे उघड होतं. साडभाऊंनी पायाला भिंगरी लावली. कुठल्याशा कार्यालयानं मोडीत काढलेला संगणक मिळवला, पोटाशी बांधून मोटारसायकलवर आणला आणि चालू करून दाखवण्यासाठी पालकांना बोलावलं. पण सोयाबीनच्या सोंगणीत कोणाला वेळ आहे? विळा घरी राहील असा एकच दिवस होता, खंडेनवमीचा. तोच त्यांनी धरला. मलाही फर्मान आलं.

आम्ही वर्गात शिरलो तर पाटावर विळा, कुऱ्हाड आणि त्यांच्या शेजारी संगणक. पोरांनी त्याला पुसून झेंडूची माळ घातली होती, पडद्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. पुढारीण अर्थातच वैष्णवी. साडभाऊंनी बटणाकडे हात नेला तेवढ्यात तिचा बाप म्हणाला, "गुर्जी, पूजेत बसवलं त्याले. आज हात नाही लावाचा. मी विळ्याले लावला काय?"

"अहो, पण तुमाले याच्यासाठीच बोलावलं."

"मंग काल बोलवाचं."

"काल तुमी वावरात होते."

यावर सगळ्यांनी माना डोलावल्या, पण बटणाला कोणी हात लावू देईना. मी साडभाऊंच्या कानात म्हटलं, दाबा की, देव काही रागवत नाही. ते देवभोळे नाहीत, तरी चुळबुळत मला म्हणाले, "पोरायनं केलं साडभाऊ. त्यायच्यासमोर कसं मोडू?"

मग त्यांनी सगळ्यांना अंगणात पिटाळलं. वैष्णवीला खुर्चीवर उभं करून तिला पडदा केलं, आणि बापांना फरशीवरच्या अक्षरांवर उड्या मारायला लावलं. ज्या अक्षरावर पाय पडेल ते तिनं ओरडून सांगायचं. तिचाच बाप स्वतःच्या नावात चुकला. "चुकलं पप्पा, मागं घ्या," पडदा गरजला. तो खोडायच्या चौकोनावर गेला, पुन्हा आला, आणि नाव पूर्ण झालं तेव्हा घामाघूम होऊन हसत होता. मला वाटलं, जिंकले आमचे साडभाऊ. जाताना तो हात जोडून म्हणाला, "लय मजा आली गुर्जी. पण फरशीवरून पोरगी कुठवर जाईन?"

दिवाळीनंतर ती गेलीच. तिच्यामागं आणखी काही गेली, सगळी नाही. शाळा कशीबशी तगली आहे. मध्यंतरी मी तिथं असताना तिचा बाप पेढे घेऊन आला. नव्या शाळेत संगणकात ती सगळ्यांच्या पुढे होती. "तुमच्याच हाताचा गुण," तो अगदी मनापासून म्हणाला. "पण तिथं गर्दी लय, हप्त्यातून एकदा नंबर लागते."

साडभाऊंनी पेढा तोंडात टाकला. "मंग ऐतवारी धाडत जा तिले. आपल्याइथं रांग नसते."

मी उगाच खिडकीशी गेलो. तेव्हापासून दर रविवारी वैष्णवी येते. तिच्याबरोबर व्हॅनमधली बाकीची पोरंही येतात, संगणकाभोवती नुसती झुंबड असते आणि साडभाऊ त्या गर्दीत नाचत असतात. सोमवारची हजेरी मात्र हा माणूस एकेक नाव थांबून थांबून घेतो, लवकर संपू नये म्हणून.