कडेला उभी असलेली बाई

माझा धाकटा भाऊ सलील काय करतो, असं मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं की मी "कॉम्प्युटरमध्ये आहे" म्हणून विषय बदलायची. चाळिशीला टेकलेला बाप्या दिवसभर भुताचे खेळ खेळतो आणि त्याला नोकरी म्हणतो, हे कुणाच्या गळी उतरवायचं म्हणजे मलाच घाम फुटायचा.

कोलकात्यात सॉल्ट लेकमधल्या एका कंपनीत तो हे खेळ तपासायचा. या खेळांत बंदूक नाही, पळापळ नाही, रक्त तर औषधालाही नाही. एक रिकामं घर असतं. आपण त्यातून फिरायचं, खोल्या बघायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून फिरायचं. दुसऱ्या फेरीत काहीतरी बदललेलं असतं. घड्याळ भिंतीवर सरकलेलं असतं, खुर्चीने दाराकडे पाठ केलेली असते, बंद केलेला नळ ठिबकत असतो. ते आपण ओळखायचं. नाही ओळखलं तर घर हळूहळू बिघडत जातं आणि खेळणाऱ्याचं डोकंही. सलीलचं काम याच्याही पुढचं होतं. घरात जे बिघडलंय ते खेळ रचणाऱ्यांनी मुद्दाम बिघडवलंय की त्यांच्या हातून चुकून झालंय, हे त्याने सांगायचं. मुद्दाम असेल तर ती भीती, चुकून असेल तर ती दुरुस्ती.

या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याच्या हाताखालचा सुमित बराकपूरहून यायचा. एकदा आमच्याकडे जेवायला आला तेव्हा पुरणपोळीवर पोळी हाणत त्याने मला सांगितलं, की इतर लोक घरातून दहा वेळा फिरतात आणि सलीलदा एकदाच फिरतात, पण भिंतीचा इंच न् इंच बघत, इतकं सावकाश की बघणाऱ्याला झोप यावी. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. मी म्हटलं, कंपनीत सुटत नसेल. घरी तर हा दाराच्या चौकटीला रोज धडकतो. सगळे हसलो. सलीलही हसला.

ही नजर त्याला बाबांनी दिली, असं आम्ही सगळेच म्हणायचो.

आमचे बाबा, भालचंद्र, बँकेच्या बदलीवर साताऱ्याहून कोलकात्याला आले आणि डमडमलाच राहिले. फार शिस्तीचा माणूस. घरात त्यांचे दोन कायदे होते. पहिला, वस्तू जागच्या जागी. मोरीपाशी बादली, भिंतीला टेकून पाट, दाराच्या डावीकडे चपला. माझं दप्तर वीतभर जरी इकडेतिकडे झालं तरी बाबांचा आवाज चढायचा. मी उलटून बोलायची आणि मार खायची. सलील शहाणा होता. बाबा बँकेतून यायच्या सुमाराला तो साऱ्या घरातून एक फेरी मारायचा आणि काय काय सरकलंय ते बघून मुकाट्याने जागेवर ठेवायचा. तो पुढे काय होणार हे खरं तर तेव्हाच ठरलं होतं.

दुसरा कायदा माझ्या जिवावर यायचा. "दिवे लागले की घराबाहेर पडायचं नाही," हे वाक्य बाबा रोजच्या स्तोत्रासारखं म्हणायचे. आता सांगा, कोलकात्यात राहायचं आणि दिवेलागणीनंतर बाहेर पडायचं नाही? दुर्गापूजेत सगळं शहर रात्रभर रस्त्यावर असतं. माझ्या मैत्रिणी नव्या कपड्यांत पहाटेपर्यंत मंडप बघत हिंडायच्या आणि आम्ही दोघं बाबांचं बोट धरून भर दुपारी जायचो. रोषणाई बंद, ढाक वाजवणारे ढोलांना टेकून घोरतायत, देवीसमोर एक कुत्रं पसरलेलं. शाळेत मी खोटंच सांगायची की आम्हीही रात्री गेलो होतो. या एका गोष्टीवरून बाबांचा मला जितका राग आला तितका कशावरूनच आला नाही.

एकदा त्यांना बढती मिळाली, पण नागपूरला जावं लागणार होतं. त्यांनी ती नाकारली. हे शहर मला सोडवत नाही म्हणाले. आमच्या बंगाली शेजाऱ्यांना तर या मराठी माणसाचं केवढं कौतुक वाटलं. निवृत्तीच्या आधीच ते हृदयविकाराने गेले तेव्हा सगळी गल्ली त्यांच्या वक्तशीरपणाविषयी बोलत होती.

मागच्या वर्षी सलीलकडे एक नवा खेळ तपासायला आला. उत्तर कोलकात्यातलं जुनं घर, हिरव्या झडपांच्या खिडक्या, लाल गच फरशी. त्यात एक बाई होती. ओल्या केसांची, पाठमोरी, कधी स्वयंपाकघराच्या दाराशी, कधी जिन्यापाशी उभी. गंमत अशी, की ती नेहमी पडद्याच्या अगदी कडेला असायची. तिला नीट बघायला म्हणून वळलात की ती नाहीशी. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसेल तेवढीच ती खरी. खेळातली सगळी भीती तिच्यावर उभी होती.

सलीलने कळवलं की बाई येत नाही. रचणाऱ्यांनी उत्तर दिलं, येते. त्याने डोळ्यांत तेल घालून पुन्हा सगळं घर पालथं घातलं आणि पुन्हा कळवलं की येत नाही. त्या रविवारी जेवताना तो फणफणत होता, की या नव्या पोरांना एक बाई कोपऱ्यात उभी करता येत नाही आणि वर माझ्याशी वाद घालतात. मधुरा, त्याची बायको, म्हणाली की जाऊ दे. पण तो जाऊ देणाऱ्यांतला नव्हता.

पुढचं मला सुमितने सांगितलं. तपासणारा जो काही खेळ खेळतो त्याचं चित्रण आपोआप होत असतं आणि ते तक्रारीसोबत पाठवायचं असतं. सलीलने तेही ठसक्यात पाठवलं होतं. वाद मिटवायला म्हणून ते चित्रण सगळ्यांसमोर भिंतीवर लावलं. पहिल्याच खोलीत बाई डावीकडे उभी. स्वयंपाकघरात उजवीकडे उभी. जिन्यापाशी उभी. प्रत्येक फेरीत ती होती आणि सलील प्रत्येक फेरीत तिच्या शेजारून जात होता. सगळे पोट धरून हसले. त्यांना वाटलं, सलीलदांनी रचणाऱ्यांची फिरकी घेतली. सलीलही हसला. मग खाली वाकून त्याने सुमितला हळूच विचारलं, "कुठे आहे?" सुमितने बोट दाखवलं. सलीलने त्या बोटाच्या दिशेने आधी तोंड वळवलं, मान वळवली, आणि मग त्याला ती दिसली. सुमित सांगत होता की तेव्हा त्याला त्या खेळाची पहिल्यांदा भीती वाटली.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवतात. समोर एकटक बघायचं आणि आजूबाजूला प्रकाशाचा ठिपका चमकला की बटण दाबायचं. सलीलने थोड्या वेळा दाबलं आणि मग नुसताच बसून राहिला. शेवटी त्याने तिथल्या मुलीला विचारलं, यंत्र बिघडलंय का. नाही दादा, ठिपके येतायत, म्हणाली ती.

डोळ्याच्या पडद्याचा आजार. बापाकडून मुलांकडे येणारा. आधी अंधारातलं जातं, मग कडेकडून नजर मिटत येते आणि मधली सगळ्यात शेवटी जाते. सलीलला आता बांगडीतून बघावं एवढंच दिसत होतं, आणि ते त्याला माहीतच नव्हतं, कारण ते एका दिवसात झालं नव्हतं. कडेचं दिसत नाही म्हणून तो खेळातलं घरच फिरवून मधोमध आणायचा, आणि घर फिरलं की बाई नाहीशी व्हायची. ज्या सावकाशीचं आम्ही कौतुक करत होतो ती सावकाशी म्हणजे एवढंच होतं. यावर औषध नाही, हे डॉक्टरांनी अगदी गोड शब्दांत सांगितलं. गोड शब्दांनी काय होतं? मुलं असतील तर त्यांनाही तपासून घ्या, शक्यता निम्मी असते, असंही सांगितलं. वडिलांना अंधारात दिसायला त्रास व्हायचा का, असं विचारलं तेव्हा सलील म्हणाला, छे, वडिलांची नजर फार तीक्ष्ण होती.

हे मी आईला सांगितलं. आमची आई, मंदाकिनी, सलीलकडेच असते. ती शेंगा सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शेंगा सोलणं थांबवलं नाही.

"त्यांना संध्याकाळनंतर दिसत नव्हतं," ती म्हणाली. "लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मला कळलं. बँकेत कुणाला समजलं तर नोकरी जाईल म्हणून माझ्याकडून शपथ घेतली होती."

मग एकेक गोष्ट बाहेर आली. शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं की मौरला मासा डोळ्यांना चांगला, म्हणून जन्मात मासळीला हात न लावलेली माझी आई ते बोटाएवढे मासे फक्त बाबांसाठी नाक दाबून तळायची. नागपूरची बढती नाकारली कारण इथले रस्ते, इथल्या पायऱ्या त्यांच्या पायांना पाठ होत्या. बादली सरकली की ओरडायचे कारण ती त्यांना दिसायची नाही. आणि आमची दुपारची दुर्गापूजा. संस्कार म्हणून बाबांनी आम्हाला जे दिलं तो सगळा त्यांचा आजार होता. मला इतका राग आला, आणि ज्याच्यावर यावा तो माणूस भिंतीवर हार घालून बसलेला. माझ्या वाट्याला हे आलं नाही. माझे डोळे ठणठणीत आहेत, आणि ते सांगायची मला लाज वाटते.

कंपनीने सलीलला तपासणीतून काढून काही लिहायचं काम दिलं. पुढे त्याचीही गरज उरली नाही. तो घरी बसला. पण त्याचा जीव नोकरीसाठी तुटत नव्हता. त्याला मुलगी आहे, सानिका, नऊ वर्षांची. तिला डॉक्टरांकडे न्यायचं मधुरा रोज काढायची आणि हा रोज पुढे ढकलायचा. आज तिची परीक्षा आहे, उद्या तिला सर्दी आहे.

कालीपूजा झाल्यानंतरची गोष्ट. मी शिकवते ती शाळा सुटल्यावर सलीलकडे डमडमला गेले. मधुरा अजून तिच्या बँकेतून आली नव्हती. सलीलने मला आणि सानिकाला आतल्या खोलीत बोलावून तो जुनाच खेळ लावला. सुमितकडून त्याने खेळाची अशी प्रत मागून घेतली होती, जिच्यात ती बाई दर फेरीत, दर खोलीत उभी असतेच.

"तू मागे उभी राहा," तो मला म्हणाला. "मला ती दिसत नाही. ती आहे की नाही ते तू बघ."

पोरीला हे भुताटकीचं कशाला दाखवतोस, असं मी म्हणणार होते. मग तो काय करतोय ते मला कळलं.

त्याने आवाज बंद केला आणि सानिकाला मांडीवर घेतलं. समोरच्या घड्याळाकडे बघत राहायचं आणि घरात कुणी दिसलं की सांगायचं, एवढाच खेळ, म्हणाला. मी मागे उभी होते. पडदा उजळला त्याच क्षणी मला ती दिसली. उजवीकडे, दाराशी, पाठीवर ओले केस. लहान मूल आहे, लक्ष नसेल, असं मी मनाशी म्हटलं. दुसरी खोली आली, डावीकडे बाई. जिना आला, बाई. सानिका अगदी मन लावून बघत होती. घड्याळाकडे बघायचं विसरून ती हनुवटी हळूहळू डावीकडून उजवीकडे न्यायला लागली, जेवताना ताटात चटणी कुठे आहे ते बघायला सलील नेतो तशी.

"कोणी नाही, बाबा," ती म्हणाली. "घर रिकामंच आहे."

सलीलने वळून माझ्याकडे तोंड केलं. मी मान हलवली. हललेली मान त्याला दिसली की नाही कोण जाणे, म्हणून मला तोंडाने सांगावं लागलं. "आहे," मी म्हटलं.

सानिकाने आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. "आत्या, मी हरले का?"

"नाही गं," सलील म्हणाला. "खेळच बिघडलाय. बाई येतच नाही त्यात."

त्याने कॉम्प्युटर बंद केला. खाली अंगणात पोरं तिला हाका मारत होती, दिवे लावून बॅडमिंटन चाललं होतं. ती उडी मारून उतरली आणि रॅकेट घेऊन दाराकडे निघाली.

"सानिका," तो म्हणाला, "दिवे लागले की घराबाहेर पडायचं नाही."

असलं काही त्याने तिला आजवर सांगितलं नव्हतं. ती रागारागाने रॅकेट तिथेच वाटेत टाकून आजीकडे गेली. सलील खुर्चीचा हात धरून उठायला लागला. तो पुढे यायच्या आत मी रॅकेट उचललं आणि भिंतीला टेकवून ठेवलं.