विहिरीत उतरलेली लंकाबाई

खर्ड्याजवळच्या माळावर लंकाबाई खोदकाम चाललेल्या विहिरींवर यारी, म्हणजे दगड वर ओढायचं यंत्र, चालवते. तळातला फोडलेला दगड बादलीत भरला की तो दोरानं वर ओढून घ्यायचा, हे तिचं काम. तिचा नवरा, त्याचं नाव श्रीमंत, विहिरीत दरड कोसळून दगावला, तेव्हा त्याची यारी तिनं हाती घेतली; पण स्वतः कधी खाली उतरली नाही. लेकीला, सत्यशीलाला, तर तिनं कडेलाही उभं राहू दिलं नाही. "तू शिक. ह्या खड्ड्यांपासनं लांब ऱ्हा," म्हणायची.

लेक शिकली, पुण्यात ग्रहांचा अभ्यास करू लागली. आणि यंदा घरी येऊन म्हणाली, "आई, मला विहिरीत सोड. ताज्या कातळाचे तुकडे पायजेत."

लंकाबाईनं तिच्याकडं रोखून पाहिलं. "शिकतीस आभाळातलं, आन् दगूड विहिरीतला कशाला?"

सत्यशीलानं विहिरीकाठच्या ढिगातला एक जाळीदार दगड उचलला. "हा एके काळी वितळलेला रस हुता. जमिनीच्या पोटातला वायू त्यात अडकला, त्याची ही भोकं. बाकीचा वर गेला. आपली हवा अशीच आतनं आली, आई."

"आन् भोकात हे पांढरं?"

"हवेतला वायू पावसात विरघळून खाली मुरतो, त्याचा असा परत दगड होतो. शुक्रावर पाणीच उरलं न्हाई. वायू वरच साठला, समदा ग्रह भट्टी झाला. ही देवाणघेवाण कुठं टिकती, कुठं तुटती, तेच मी शोधते."

लंकाबाई दगडावरून बोटं फिरवत राहिली. मग तिनं दिराला, भागवतला, हाक मारली. विहिरीच्या भिंतीचे सुटे दगड त्याच्याकडून पाडून घेतले. पोरीच्या कमरेला पट्टा स्वतः आवळला, दोनदा ओढून पाहिला आणि यारी इतकी हळू सोडली की भागवतला हसू आलं.

"आई!" खालून आवाज आला. "हितं भिंतभर बुडबुडे हायेत! तू बघायलाच पायजे!"

लंकाबाई यारीपाशी घुटमळली. शेवटी भागवतला म्हणाली, "भाऊजी, धरा जरा. मी जाते."

उतरताना तिनं डोळे गच्च मिटले होते. तळाशी सत्यशीलानं तिचा हात धरून भिंतीवर टेकवला. कातळ गार होता, ओलसर होता. टॉर्चच्या उजेडात पांढरे खडे चमकत होते. लंकाबाईला श्रीमंत आठवला, डोळे भरून आले. तिनं ते पदरानं पुसले.

"छिन्नी दे," ती पदर खोचत म्हणाली. "कुठला काढायचा, दाव."